गोळ्यांचा महिन्याचा हिशेब : नंदुरबारच्या ज्येष्ठांनी औषधे स्वस्तात कुठे आणि कशी घ्यावीत?

बीपीची किंवा शुगरची गोळी एकदा सुरू झाली की ती बहुधा आयुष्यभराची होते. त्यामुळे पट्टी कितीला मिळते यापेक्षा महिन्याला किती पैसे जातात, हा प्रश्न मोठा ठरतो. श्रावणबाळ योजनेत ज्येष्ठांना महिना १,५०० रुपये मिळतात. ज्या घरात हाच हातात येणारा एकमेव रोख पैसा आहे, तिथे औषधांना सहा-सातशे रुपये गेले की उरलेल्या पैशांत महिना ढकलणे कठीण होते. मग आजी एक दिवसाआड गोळी घेऊ लागते आणि आजोबा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंदच करून टाकतात. त्यातून पुढे लकवा, हृदयविकार, किडनीचा त्रास मागे लागतो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च एका दवाखान्यात होतो.

हे टाळता येते. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या सहाही तालुक्यांतल्या ज्येष्ठांसाठी औषधाचा खर्च कमी करण्याचे मार्ग आहेत. अडचण अशी, की ‘सवलत’ हा शब्द सगळीकडे लिहिलेला दिसतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. कुठे औषध फुकट मिळते, कुठे मुळातच स्वस्त असते, कुठे छापील किमतीवर काही टक्के सूट असते, तर कुठे कार्ड फक्त दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. हा फरक कळला की पुढचे सोपे आहे. एक सूत्र पक्के धरा : किती टक्के सूट, हे विचारू नका, महिन्याच्या गोळ्यांना एकूण किती रुपये लागतील, ते विचारा.

आधी सरकारी दवाखाना : खर्च शून्य

बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही त्यातली ओळखीची नावे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची आणि आजार आढळल्यास औषध सुरू ठेवायचे, अशी योजना आहे. गावातले उपकेंद्र आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले असेल, तर तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ असतात. डॉक्टरांनी औषध एकदा ठरवून दिले की दर महिन्याचा साठा तिथूनच मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. ई-संजीवनीवरून मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलणेही तिथून करता येते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय मात्र वेगळ्या विभागाकडे असते. तिथले शुल्क खिडकीवर आधी विचारून घ्या.

सरकारी दवाखान्यात एवढे करा :

– आशाताईंना किंवा सीएचओंना आदल्या दिवशी फोन करून गोळी शिल्लक आहे का, ते विचारा. पाड्यावरून चालत येऊन रिकाम्या हाताने परतण्याची वेळ येऊ नये.
– गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा, शेवटची गोळी खाल्ल्यावर नको.
– ‘ही बाहेरून घ्या’ असे सांगितले, तर एवढेच विचारा : “साहेब, याच कामाची दुसरी गोळी इथे आहे का?” अनेकदा असते.
– खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले, तरी त्यांची चिठ्ठी घेऊन आरोग्य केंद्रात जायला काहीच हरकत नाही. तीच औषधे तिथे आहेत का, हे तिथले डॉक्टर पाहून सांगतील.

टीबीचा संपूर्ण उपचार सरकारी योजनेत मोफत आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. त्याची नियमित औषधेही सरकारी दवाखान्यातच मागा. विकत घेण्याआधी तिथे विचारल्याशिवाय राहू नका.

दुसरे ठिकाण : जनऔषधी केंद्र

जनऔषधी योजना नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरच्या दुकानापासून सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघरच्या एम्समध्ये देशातले दहा हजारावे केंद्र उघडले. इथली औषधे ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. कंपनीचे नाव, जाहिरात, औषध प्रतिनिधींचा खर्च, मधल्या साखळीचा नफा हे सगळे वजा केले की औषधाची किंमत एवढीच उरते.

इथे कुठलेही कार्ड लागत नाही. वयाची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पैसे, बस. ‘जनऔषधीचे सवलत कार्ड काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.

स्वस्त आहे म्हणून कमअस्सल असेल, ही शंका ज्येष्ठांच्या मनात हमखास येते. “एवढ्या पैशात कसली गोळी येते?” असे आजोबा विचारतात. त्यांना सांगा : या औषधांचा प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात येतो आणि आतला घटक तोच असतो. गोळीचा रंग आणि आकार वेगळा असू शकतो. शंका मिटवायची तर गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात बीपी मोजा, शुगर तपासा. आकडा आटोक्यात असेल, तर गोळी काम करते आहे.

फरक किती पडतो, त्याचे एक उदाहरण. शुगरसाठीच्या सिटाग्लिप्टिन या गोळीचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनऔषधीत ती आली : ५० मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी ६० रुपये, १०० मिलिग्रॅमची १०० रुपये. मेटफॉर्मिनसोबतची ५०/५०० ची पट्टी ६५ रुपयांना ठेवली होती. तेव्हा या प्रकारातल्या ब्रँडेड पट्ट्या १६२ ते २५८ रुपयांना होत्या. रोज एक गोळी म्हणजे महिन्याला तीन पट्ट्या. ६० रुपयांच्या हिशेबाने १८० रुपये. १६२ च्या हिशेबाने ४८६ रुपये. महिन्याला ३०६ आणि वर्षाला ३,६७२ रुपयांचा फरक, तोही एकाच गोळीत. पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनीही स्वस्त ब्रँड आणले. म्हणून चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी महागडी गोळी लिहून दिली असेल, तर आज पुन्हा विचारा : “हीच आता स्वस्तात मिळते का?”

जवळचे केंद्र कुठे आहे आणि औषधाची किंमत काय, हे ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल अ‍ॅपवर दिसते. स्मार्टफोन नसेल, तर १८००-१८०-८०८० या मोफत क्रमांकावर विचारता येते. निघण्याआधी फोन करून ‘अमुक गोळी, अमुक मिलिग्रॅम आहे का’ हे विचाराच. प्रत्येक केंद्रात प्रत्येक औषध असेलच असे नाही.

तिसरे : नेहमीचे मेडिकल

बऱ्याच गावांत जनऔषधी केंद्र नाही. मेडिकल मात्र असते, आणि दुकानदार ओळखीचा, उधारी देणारा असतो. तिथे घ्यायलाही हरकत नाही. फक्त सुटीचे गणित समजून घ्या.

समजा, एका कंपनीच्या पट्टीवर १२० रुपये छापले आहेत आणि दुकानदार २० टक्के सूट देतो. म्हणजे ९६ रुपये. त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी ६० रुपयांची आहे आणि तिच्यावर सूट नाही. पाटीवर ‘२० टक्के’ वाचून आपण ९६ देतो आणि आपला फायदा झाला असे समजतो. खरे तर ३६ रुपये जास्त गेले. म्हणून दुकानात विचारायचे ते असे : “या औषधात सगळ्यात कमी किमतीची चांगली कंपनी कोणती? महिन्याचे किती होतील?”

यात एक कायदेशीर अडसर आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर दुकानदाराला परस्पर दुसरे औषध देता येत नाही. म्हणून खरे काम दुकानात नाही, डॉक्टरांच्या टेबलासमोर होते. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच सांगा : “डॉक्टर साहेब, घटकाचे नाव लिहून द्या, म्हणजे जनऔषधीत घेता येईल.” औषधे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे वैद्यकीय परिषदेच्या नियमांतच २०१६ पासून आहे. ही मागणी करण्यात भिडस्तपणा नको. बहुतेक डॉक्टर ती आनंदाने मान्य करतात.

दुकानात लक्षात ठेवण्याचे नियम :

– छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही.
– पट्टी कापून घेतली, तर गोळ्यांच्या प्रमाणातच पैसे द्यायचे. १५ गोळ्यांची पट्टी ९० रुपयांची असेल, तर १० गोळ्यांचे ६० पेक्षा जास्त नाहीत.
– पक्के बिल घ्या. त्यावर बॅच क्रमांक असतो. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.
– अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत केंद्राचे औषध दर नियंत्रक प्राधिकरण ठरवते. ती ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर पाहता येते.
– २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुना दर लावत असेल, तर बिलावरचा कर दाखवून विचारा.

घरपोच औषध देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवरही मोठमोठी सूट दिसते. तिथेही तेच : पोहोचवण्याचा खर्च, सभासद शुल्क धरून महिन्याची एकूण रक्कम काढा आणि मग जनऔषधीच्या रकमेशी ताडून पाहा.

पट्टी हातात घेऊन वाचा

हे काम नातवाने किंवा नातीने आजी-आजोबांसोबत बसून एकदा करावे. घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. प्रत्येक पट्टीवर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले नाव. दुसरे आतल्या घटकाचे, ज्याच्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. आपल्याला दुसरे नाव हवे. ते वहीत मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवा.

मग नावामागची अक्षरे बघा. चूक नेमकी इथे होते. ‘टेल्मिसार्टन ४०’ आणि ‘टेल्मिसार्टन ४० एएम’ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. ‘एएम’ म्हणजे तिच्यात अ‍ॅम्लोडिपिनही आहे. ‘एच’ असेल, तर लघवी वाढवणारे औषध सोबत आहे. मेटफॉर्मिनपुढे ‘एसआर’ असेल, तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती चावायची किंवा कुटून घ्यायची नसते. दुसरी कंपनी घेताना घटक, मिलिग्रॅम आणि ही अक्षरे, तिन्ही जुळली पाहिजेत.

बरेचदा या ताटातच आणखी एक गोष्ट उघडी पडते. नंदुरबारच्या डॉक्टरांनी दिलेली एक पट्टी आणि सुरतला दाखवले तेव्हा मिळालेली दुसरी पट्टी, नावे निराळी पण आतला घटक एकच. आजोबा दोन्ही घेत असतात. पैसेही दुप्पट आणि डोसही दुप्पट. असे दिसले, तर स्वतः गोळी बंद करू नका. दोन्ही पट्ट्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सीएचओंकडे जा.

कापलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख बहुधा राहत नाही. दुकानदाराला ती बिलावर लिहायला सांगा. घरी गोळ्या काढताना ज्या टोकाला नाव आणि तारीख आहे, ते टोक शेवटपर्यंत ठेवा.

प्रवासाचा खर्च धरायला विसरू नका

धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या माणसासाठी औषधाची किंमत दुकानात ठरत नाही. ती रस्त्यात ठरते. समजा, जनऔषधीत महिन्याला २०० रुपये वाचतात, पण जायला-यायला १५० रुपये भाडे आणि सोबत आलेल्या मुलाची एका दिवसाची मजुरी बुडते. मग ही बचत कसली? म्हणून असे करा :

– वय ७५ पूर्ण झाले असेल, तर एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट. महिलांना कुठल्याही वयात अर्धे तिकीट. आधार कार्ड सोबत ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. सुरतला जाताना पुढचे तिकीट लागेल.
– तब्येत स्थिर असेल, तर डॉक्टरांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मागा. तीन महिन्यांची औषधे एका फेरीत आली, तर भाडे एकदाच पडते.
– पाड्यावरच्या चार-पाच ज्येष्ठांच्या चिठ्ठ्या आणि पैसे घेऊन एकाने बाजाराच्या दिवशी औषधे आणावीत. प्रत्येकाचे वेगळे पाकीट आणि वेगळे बिल करून घ्यावे, म्हणजे गोळ्यांची अदलाबदल होणार नाही.
– पावसाळ्यात चांदसैली घाटासारखे रस्ते बंद पडतात. जूनच्या सुरुवातीलाच महिनाभराचा जादा साठा घरात हवा.

कोणते कार्ड कशासाठी?

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. आयुष्मान कार्ड घेऊन अनेक ज्येष्ठ मेडिकलमध्ये जातात आणि निराश होऊन परततात. कार्ड खोटे नसते. त्याचे काम वेगळे असते.

*आयुष्मान वय वंदना कार्ड* : वय ७० किंवा जास्त असलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो. योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून. नोंदणीला आधार लागते आणि सरकारी शुल्क काहीच नाही. चौकशी : १४५५५.

*महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना* : जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू, ५ लाखांपर्यंत. ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचार, अंगीकृत रुग्णालयांत. चौकशी : १५५३८८.

या दोन्ही योजनांत रोजची बीपी-शुगरची गोळी बसत नाही. मात्र दाखल असतानाची औषधे त्यात येतात आणि आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधेही. म्हणून डिस्चार्ज घेताना ‘घरी घ्यायच्या गोळ्या योजनेतून द्या’ असे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसांना म्हणजे आरोग्यमित्रांना आवर्जून सांगा. हे न सांगितल्यामुळे अनेकांनी त्या गोळ्या विकत आणल्या आहेत.

कॅन्सर किंवा हृदयविकाराच्या महागड्या औषधांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘अमृत’ औषध दुकाने असतात. मुंबई-नागपूरला उपचाराला गेलात, तर बाहेर खरेदी करण्याआधी तिथे किंमत विचारा. निवृत्त शिक्षक, कर्मचारी जुन्या करपद्धतीत विवरण भरत असतील आणि आरोग्य विमा नसेल, तर ज्येष्ठांच्या औषधखर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोखीने न देता ऑनलाइन किंवा चेकने द्यावे लागतात.

इथे पैसा वाचवायला जाऊ नका

फिट्सची औषधे, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, थायरॉईडची गोळी : यांत डोसचा थोडा फरकही त्रास देऊ शकतो. यांची कंपनी बदलायची असेल, तर डॉक्टरांना सांगूनच बदला, आणि बदलल्यावर रक्ततपासणी कधी करायची, तेही विचारा. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे, हे ध्यानात ठेवा. इन्सुलिन स्वस्त मिळाले, पण घरात थंड ठेवायची सोय नसेल, तर ते वाया जाते. ते थोडे थोडे आणणेच शहाणपणाचे.

पैसे वाचवायला गोळी अर्धी करणे, एक दिवसाआड घेणे हे तर अजिबात नको. गोळी परवडत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही. न सांगितले, तर गोळी लागू पडत नाही असे समजून डॉक्टर आणखी महाग गोळी लिहितात.

तक्रार कुठे करायची?

– जादा किंमत घेतली : औषध दर नियंत्रक प्राधिकरण, १८००-१११-२५५
– औषध बनावट वाटते किंवा मुदत संपलेले दिले : अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र, १८००-२२२-३६५
– बिल नाकारले, फसवणूक झाली : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५

फोन करताना बिल आणि पट्टी समोर ठेवा. मोबाइलवर आलेला ओटीपी मात्र कोणालाही सांगू नका. औषधाच्या सवलतीसाठी तो कोणीही मागत नाही.

घरातल्या तरुणांसाठी

आपल्या जिल्ह्यात घराघरांत अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी बोलली जाते आणि चिठ्ठी इंग्रजीत असते. आजी-आजोबांना गोळीचे नाव वाचता येत नाही, हा त्यांचा दोष नाही. त्यांच्या वहीत चार रकाने आखून द्या : घटकाचे नाव, मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची, महिन्याचा खर्च. खाली बेरीज करा. ही वही प्रत्येक डॉक्टरांना, प्रत्येक दुकानात दाखवायला सांगा. सकाळच्या गोळीपुढे सूर्य आणि रात्रीच्या गोळीपुढे चंद्र काढून दिला, तरी अक्षरओळख नसलेल्या माणसाला पुरते.

आणखी एक गोष्ट गावाच्या हातात आहे. नंदुरबार हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्यात जनऔषधी केंद्र उघडणाऱ्याला नेहमीच्या प्रोत्साहनाशिवाय फर्निचर, संगणक वगैरेंसाठी एकरकमी मदतीची तरतूद योजनेत आहे. गावातली प्राथमिक कृषी पतसंस्थाही असे केंद्र चालवू शकते. डी.फार्म. करून नोकरी शोधणारी मुले-मुली आपल्याकडे आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत त्यांनी असे केंद्र उघडले, तर डोंगरातल्या शेकडो म्हाताऱ्यांचे एसटीचे भाडे वाचेल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि तोवर या महिन्याच्या गोळ्या संपायच्या आत, आजीची चिठ्ठी घेऊन एकदा आरोग्य केंद्रात जाऊन या.